कोरकूत वाचायचं असेल तर

चि. रूथ,
अनेक आशीर्वाद.

पेन्टेकॉस्टला, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला आणि ते नाना भाषांत बोलले त्या सणाला, मंडळीत मराठीसोबत कोरकू या आदिवासी भाषेतही वाचन ठेवते आहेस, छान. पण वाचणाऱ्याला मराठी उतारा आधी 15 दिवस देऊन ठेव. सकाळी कागद हातात पडला की माणूस अडखळतो, आणि लोक म्हणतात कोरकूत जमतच नाही.

प्रेषितांची कृत्ये 2 मधली 5 ते 8 एवढीच वचनं घे. पुढची पार्थी, मेदी, एलामी ही नावं भल्याभल्यांची जीभ वळवतात, ती मराठीत राहू दे. वाचायला होस्टेलात शिकलेली पोरगी नको. जिच्या घरी चुलीपाशी कोरकू चालते अशी बाई बघ. अक्षरओळख नसेल तर पाठ करून घे. ती बोलते तसंच देवनागरीत उतरव, सुधारू नको.

खरी मेख ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांत आहे. प्रार्थनेत “आपण पापी आहोत” म्हटलं तर देवालाही पाप्यांत धरल्यासारखं होतं. हा भेद कोरकूतही आहे, आणि शिवाय बोलणारे दोघेच असले तर रूप निराळं. अम्माऊस गावाच्या वाटेवरचे येशूचे दोन शिष्य बोलतात तिथे मराठीत किती जण ते कळत नाही, कोरकूत मात्र मोजूनच बोलावं लागतं. म्हणून भाषांतर झालं की मराठी उतारा न पाहिलेल्या एखाद्या म्हाताऱ्याला ऐकव, आणि काय समजलं ते त्याच्याकडून मराठीत वदवून घे. चूक तिथेच सापडते.

काही ठिकाणी सगळ्या भाषा एकदम वाचतात. नुसता गलका! त्या पेन्टेकॉस्टला यरुशलेमेत तर प्रत्येकाला आपापल्या बोलीत समजलं होतं. पौलाने करिंथकरांना घालून दिलेली शिस्त पाळ: दोघे, फार तर तिघे, पाळीपाळीने, आणि एकाने अर्थ सांगावा (1 करिंथ 14:27). उपदेशाचा कोरकूत अर्थ सांगायचा तर वेळ दुप्पट लागतो. 20 मिनिटं हाताशी असतील तर उपदेश 10 मिनिटांचाच लिही.

वऱ्हाडी बोलायला लाजणाऱ्यांना पेत्राचं सांग. अंगणात तो येशूचा माणूस आहे हे लोकांनी ओळखलं ते बोलीवरून (मत्तय 26:73). आपल्याकडे म्हणाले असते, “तू त्यातलाच हायेस, तुही बोलीच सांगून राह्यली.” तोच गालीली पेत्र पेन्टेकॉस्टला पुढे उभा राहून बोलला.

वाचनापुरतं बोलावून मग विसरू नका. कृत्ये 6 मध्ये ग्रीक बोलणाऱ्या विधवा रोजच्या वाटपातून सुटत होत्या. तक्रार आल्यावर जे सात जण नेमले त्या सगळ्यांची नावं ग्रीक आहेत: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर... मंडळीच्या कमिटीत आज कोरकू बोलणारे किती, ते मोज आणि पुढच्या बैठकीआधी दोन नावं विचारून ठेव.

तुझे,
बाबा