कुर्डीची टेप

पणजी,
जूनचा दुसरा आठवडा

चि. बाय हिस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, रेडिओवर तुझा आवाज तर कधी यायचाच नाही. मग इतकी वर्षं तू नक्की करायचीस काय?" पॉडकास्टचं एडिटिंग तू स्वतः करायला घेतलंस, म्हणून हा प्रश्न पडला असणार. मला तो फार आवडला. फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

अर्ध्या तासाच्या कार्यक्रमात लोकांना ऐकू यायचा तो निवेदकाचा आणि पाहुण्याचा आवाज. बाकी सगळं आमच्याकडे. माणूस शोधायचा, त्याच्या घरी जायचं, त्याला बोलतं करायचं, टेप कापायची, जोडायची, कधी काय वाजणार ते सांगणारी क्यू शीट लिहायची आणि प्रसारणाआधी सगळं, प्रसारणावर लक्ष ठेवणाऱ्या ड्युटी रूममध्ये पोचतं करायचं.

यातलं कापणं-जोडणं हे माझं खरं काम. मशीनवर टेप सेकंदाला 19 सेंटिमीटर पळायची. कुठं तोडायचं ते शोधायला दोन्ही स्पूल हातांनी पुढंमागं फिरवायचे. आवाज घोगरा होत, टेप वाचणाऱ्या हेडवरून सरकायचा आणि शब्द सुरू होण्याच्या अगदी आधीची जागा कानाला सापडायची. तिथं पिवळ्या पेन्सिलीची खूण करायची, तिरप्या खाचेशी ब्लेड चालवायचं, मग वरून चिकटपट्टी. कट तिरपाच हवा, म्हणजे सांधा हेडवरून जाताना 'टक्' वाजत नाही. माणसानं अर्धा सेकंद घेतलेला श्वास म्हणजे साडेनऊ सेंटिमीटर टेप. चिमटीत धरता यायचा! तुला आता सगळं पडद्यावर दिसतं, चुकलं तर मागं घेता येतं. आम्हाला फेकलेला तुकडा जमिनीवरून शोधून काढावा लागायचा. त्यामुळे कापण्याआधी पुन्हा पुन्हा ऐकायची सवय लागली.

तुझं ते सॉफ्टवेअर सगळे श्वास आणि थांबे आपोआप काढून टाकतं म्हणालीस. बाय, ते बटण दाबू नकोस. का, ते सांगते.

पौषात धालो, म्हणजे गाणी म्हणत नाचायचा आपल्याकडचा खेळ, खेळतात त्या बायकांचं ध्वनिमुद्रण करायचं होतं. एका वयस्कर बाईंना सगळे धालो तोंडपाठ, म्हणून आधी त्यांना एकट्यांनाच स्टुडिओत आणलं. मायक्रोफोनसमोर बसल्या आणि दुसऱ्याच ओळीला अडल्या. समोर दुसरी रांग नाही, पायाखाली माती नाही, गाणं उचलणार कोण? मग उहेर रेकॉर्डर खांद्याला लावून रात्री त्यांच्या मांडावर, म्हणजे धालो खेळायच्या जागी गेले. दोन रांगा समोरासमोर, वाकायचं, उठायचं, मागं सरायचं. त्या टेपवर ओवीच्या मध्येमध्ये वाकताना दाबला गेलेला श्वास ऐकू येतो, मातीवर पडणारी पावलं ऐकू येतात. ती काढली असती तर शब्द तेवढे उरले असते, धालो उरला नसता.

पण सांगायचं आहे ते कुर्डीचं. साळावली धरणाखाली गेलेलं सांगे तालुक्यातलं हे गाव. मोगूबाई कुर्डीकरांचं गाव म्हणून तुला माहीत आहेच. तिथलं जुनं महादेवाचं देऊळ दगड दगड सुटा करून धरणाजवळ नेऊन पुन्हा उभारलं. माणसांची घरं मात्र पाण्यात गेली. मे महिन्यात पाणी ओसरलं की जोती उघडी पडतात आणि विस्थापित झालेले लोक सोमेश्वराच्या देवळाशी जमतात. मी गेले तेव्हा एक आजोबा मला त्यांचं घर दाखवायला निघाले. कार्यक्रम मराठी, ते बोलत होते कोंकणी, पण आपल्याकडे त्यात कुणाला काही अडतं का? भेगाळलेल्या चिखलावरून काठी टेकत ते चालत होते. "हांगा रांदपाकूड. हांगा न्हाणी." इथं स्वयंपाकघर, इथं न्हाणी. मग तुळशीवृंदावनाचा चौथरा दिसला आणि ते बोलायचे थांबले. मी विचारायला तोंड उघडलं होतं, पण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून मिटलं. मशीन चालू ठेवलं. बऱ्याच वेळानं त्यांनी, तिथं शेवटचा दिवा कुणी लावला होता ते सांगितलं.

टेबलावर टेप लावली तर तो थांबा अकरा सेकंदांचा. रेडिओवर अकरा सेकंद म्हणजे फार मोठा काळ. तीन-चार सेकंद काही वाजलं नाही की ड्युटी रूममध्ये धावपळ सुरू होते, टेप तुटली की ट्रान्समीटर बंद पडला म्हणून. त्यात कार्यक्रम वेळेपेक्षा लांबलेला. कुणीही सांगितलं असतं, अकराचे दोन कर, काम झालं. मी माझे प्रश्न काढले. एकेक करून जवळजवळ सगळे. प्रश्न गेल्यावर त्यांची उत्तरं जास्तच नीट उभी राहिली. निवेदनाचा शेवटचा परिच्छेदही काढला. निवेदक थोडा हिरमुसला, पण टेप ऐकल्यावर काही बोलला नाही. क्यू शीटवर लाल शाईनं लिहिलं: 'इथं 11 सेकंद बोलणं नाही. टेप चालू आहे. हात लावू नये.' ड्युटी ऑफिसरला जाऊन तोंडानंही सांगून आले. प्रसारणात ते अकरा सेकंद जसेच्या तसे गेले. इतक्या वर्षांच्या कामातून एकच टेप निवड म्हणालीस तर मी हीच काढून देईन. तिच्यात माझा एक शब्दही नाही, आणि ती पूर्णपणे माझी आहे.

आवाज पोचावा, आपण दिसलो नाही तरी चालेल, हे मी घरातच शिकले. तुझे पणजोबा खोलीचं दार लावून, आवाज बारीक करून गोवा मुक्तीचं गुप्त रेडिओ केंद्र ऐकायचे. 25 नोव्हेंबर 1955 पासून मुक्तीपर्यंत वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी ते हद्दीपलीकडच्या रानातून चालवलं, कोंकणीतून आणि पोर्तुगीजमधून. बोलणारं कोण, हे पणजोबांना ठाऊक नव्हतं. तरी ते वेळ चुकवत नसत. मुक्तीनंतर त्या दोघांनी विमानात बसून ध्वनिक्षेपकावरून गोवा मुक्त झाल्याची बातमी सांगितली. लिबियाबाईंना 2025 साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा मी ते वर्तमानपत्र देवघराच्या फळीवर ठेवलं होतं. 9 जानेवारी 1962 ला पणजीत आकाशवाणी सुरू झाली, ती गोष्टही पणजोबा सणासारखी सांगायचे. रेडिओत जायचं हे माझ्या डोक्यात तिथूनच आलं असणार.

आता तुझ्या कामाचं. जिथं मुलाखत घेशील तिथं सगळे गप्प बसवून मिनिटभर नुसती शांतता रेकॉर्ड कर. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. पंखा, रस्ता, भिंती, सगळं त्यात असतं. सांधा लपवायला पुढं तीच कामी येते. मायक्रोफोन तोंडासमोर धरू नकोस, जरा बाजूला धर, 'प' आणि 'फ' फुटणार नाहीत. आणि हेडफोन लावल्याशिवाय रेकॉर्डिंग सुरू करू नकोस, मीटरवर विसंबू नकोस.

चवथीला येशील तेव्हा कुर्डीची टेप ऐकवते, तिची प्रत मी पेनड्राइव्हवर करून घेतली आहे. त्याआधी तुझ्या पहिल्या मुलाखतीची फाईल पाठव, काहीही न कापता. तुझे प्रश्न किती लांब होतात ते मला आधी ऐकायचं आहे.

तुझी,
आई