प्रवासी किती आणि फेऱ्या किती?

मुंबईतील सार्वजनिक वाहतुकीच्या प्रवासीसंख्येवरील आपला लेख आणि त्यातील वर्षवार तक्ते वाचले. स्वतंत्र पाहणी न करता लोकल, बेस्ट आणि मेट्रोच्या प्रसिद्ध आकडेवारीवर विसंबण्यात गैर काही नाही. एवढ्या मोठ्या शहरात दुसरा मार्ग परवडणार कुणाला? आक्षेप आहे तो तिन्ही आकडे एकत्र मिळवून त्या बेरजेला 'प्रवासी' म्हणण्याला. लोकलच्या पासधारकांच्या फेऱ्या कुणी मोजत नाही, त्या प्रत्येक पासामागे ठरावीक धरल्या जातात. पासधारक आठवडाभर रजेवर असला तरी कागदोपत्री त्याचा प्रवास चालूच! मेट्रोत मात्र फाटकातून आत गेलेला प्रत्येक जण मोजला जातो. दहिसरहून 'मेट्रो ७'ने गुंदवलीला उतरून 'मेट्रो १'ने घाटकोपर गाठणारा आणि पुढे लोकलने ठाण्याला जाणारा माणूस एकच, पण बेरजेत तो तीनदा येतो.

बेस्टचे किमान भाडे जुलै २०१९ मध्ये ८ रुपयांवरून ५ रुपये झाले, मे २०२५ मध्ये १० रुपये. त्याचा उल्लेख न करता वेगवेगळ्या वर्षांची तुलना करणेही फसवेच. यापुढे असे तक्ते देताना मोजणीची पद्धत त्यांच्याखालीच छापावी, ही विनंती.

– एक वाचक, गोरेगाव