डायव्हिंगचा फॉर्म आदल्या संध्याकाळी द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डिसेंबरात आम्ही दोघं तारकर्लीच्या एका रिसॉर्टवर दोन रात्री राहिलो. निमित्त स्कूबा डायव्हिंगचं. मी बँकेतून निवृत्त झाले म्हणून मुलाने हौसेने दोघांचं बुकिंग केलं होतं, पैसे आगाऊ भरलेले.

राहण्याबद्दल तक्रार नाही. खोली सुरूच्या बनात. संध्याकाळी समोरच रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढत होते, तेव्हा आम्हीही पंधरा मिनिटं दोराला हात लावला; तळहात दुसऱ्या दिवशीही लाल होते. रात्री सुरमईचं ताट आणि मागाल तेवढी सोलकढी. पण ज्यासाठी आलो त्या डायव्हिंगबद्दल काउंटरवर एकच वाक्य ऐकायला मिळालं, "सकाळी साडेसातला गाडी येईल."

मला येताना घाटातच सर्दीने धरलं होतं. खोली झाडायला आलेल्या बाई माझा आवाज ऐकून म्हणाल्या, "नाक चोंदला आसा तर पाण्यात जाव नकात हां. कान दुखतले." त्यांचा मुलगा होडीवर असतो. सबंध मुक्कामात कामाचं बोलल्या त्या एकट्याच.

सकाळी मालवणच्या जेटीवरून होडी सुटली, सिंधुदुर्गाचा तट जवळ आला आणि तेव्हा कुठे फॉर्म हातात पडला. इंग्रजी, बारीक टायपातला. दमा, हृदयविकार, फिट, कानाचं ऑपरेशन, चालू औषधं. होडी हलतेय, कागदावर शिंतोडे, आठ जणांत एक पेन. शेजारचे साठीचे गृहस्थ रक्तदाबाची गोळी घेणारे. "इथे काय लिहू?" त्यांनी विचारलं. होडीवाला म्हणाला, "सगळीकडे नो करा काका, काय होत नाय."

हे प्रश्न उगाच नसतात. पाच मीटर खाली दाब वरच्या दीडपट होतो, दहा मीटरवर दुप्पट. नाक चिमटीत धरून हवा कानाकडे ढकलली की हा दाब सावरतो; नाकच बंद असेल तर सगळा ताण कानाच्या पडद्यावर येतो. श्वास रोखून वर आलं किंवा दम्यामुळे हवा आत अडकली तर फुफ्फुसाला इजा होऊ शकते, म्हणून दम्याचा प्रश्न. नाश्त्याला भेटलेलं एक जोडपं तर सकाळी डाइव्ह करून दुपारी गोव्यातल्या मोपा विमानतळावरून विमान पकडणार होतं. एका डाइव्हनंतर निदान 12 तास, अनेक डाइव्ह केल्या तर 18 तास विमानात बसू नये, असं सांगितलं जातं. पर्यटकांची डुबकी उथळ आणि थोडा वेळ असते, धोका कमीच, कबूल. पण हे त्या दोघांना तिकीट काढण्याआधी कळायला नको?

मी खरं ते लिहिलं आणि होडीतच बसून राहिले. हे मात्र उतरले, आणि वर आल्यापासून माशांच्या रंगांबद्दलच बोलत होते.

रिसॉर्टवाल्यांना आणि पर्यटन खात्याला विनंती एवढीच, की हा फॉर्म मराठीत छापून आदल्या संध्याकाळी खोलीवर द्यावा. चष्मा लावून, घरच्यांना विचारून, जमल्यास डॉक्टरांना फोन करून माणूस तो नीट भरेल. आणि तब्येतीमुळे ज्याला उतरता येणार नाही, त्याला तारीख बदलून मिळावी. तेवढी सोय असती तर त्या काकांनीही "नो" लिहिलं नसतं, असं मला वाटतं. माझी सर्दी चार दिवसांत गेली. पैसे होडीवर चढण्याआधीच गेले होते.

— एक निवृत्त बँक कर्मचारी, कोल्हापूर