संग्रहाच्या ॲपसाठी केलेल्या मदतीबद्दल जाहीर आभार

आदरणीय ताई,

सा. न. वि. वि.

घरातील पुस्तके, चित्रपटांच्या डिस्क आणि गाण्यांच्या सीडी यांची नोंद ठेवणारे माझे ॲप आता रोजच्या वापरात आले आहे. त्याची मांडणी आणि रंगसंगती माझी असली, तरी ते ज्या पायावर उभे आहे तो आपण घालून दिलात. म्हणून हे आभार खासगी निरोपात न उरकता चारचौघांत मानत आहे.

कोडची एकही ओळ लिहिण्यापूर्वी आपण विचारलेत, "नोंद पुस्तकाची करायची आहे, की कपाटातल्या प्रतीची?" हा प्रश्न ग्रंथालयात तालिका करणाऱ्या व्यक्तीलाच सुचावा. मूळ कृती, तिचे भाषांतरासारखे एखादे रूप, त्या रूपाची विशिष्ट आवृत्ती आणि हातात धरता येणारी प्रत, अशी चार पायऱ्यांची रचना 'इफ्ला' या ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने १९९८ मध्ये प्रसिद्ध केली होती, हे मला आपल्याकडूनच कळले. घरगुती संग्रहाला चारही पायऱ्यांचा भार नको, कृती, आवृत्ती आणि प्रत एवढी तीन टेबले, म्हणजे माहितीचे तक्ते, पुरेत, हा आपला निवाडा मला त्या रचनेहूनही मोलाचा वाटतो. त्यामुळे एखाद्या कादंबरीवरचे माझे मत कृतीपाशी राहते, पृष्ठसंख्या आवृत्तीपाशी राहते, आणि दोन प्रतींपैकी कोणती कोणी वाचायला नेली आहे हे त्या प्रतीपाशीच नोंदले जाते.

पुस्तकावर छापलेल्या आयएसबीएन या ओळख क्रमांकाला 'प्रायमरी की', म्हणजे टेबलातल्या नोंदीची एकमेव खूण, करू नये, हा आपला दुसरा आग्रह. या क्रमांकाचे आंतरराष्ट्रीय मानक १९७० मध्ये आले, त्यामुळे त्याआधीच्या बहुतेक पुस्तकांवर तो सापडणारच नाही. शिवाय २००७ पासून तो दहाऐवजी तेरा अंकी झाला, म्हणजे एकाच आवृत्तीवर दोन्ही क्रमांक छापलेले असू शकतात. हाताने भरलेला क्रमांक तपासण्याची रीतही आपण कागदावर मांडून दाखवलीत. तेरा अंकांना आळीपाळीने १ आणि ३ ने गुणावे, बेरजेला १० ने निःशेष भाग गेला पाहिजे. मात्र शेजारच्या दोन अंकांत ५ चा फरक असेल, उदाहरणार्थ २७ चे ७२ झाले, तर बेरीज १० नेच बदलते आणि चूक निसटते. जुन्या दहा अंकी पद्धतीत ११ ने भागत असल्यामुळे ही पळवाट नव्हती. म्हणून क्रमांक जुळला तरी पुस्तकाचे नाव दाखवून खात्री करून घेणारी पायरी आपण सुचवलीत, आणि ती किरकोळ वाटली तरी मी ठेवली आहे.

गाण्यांच्या माहितीसाठी म्युझिकब्रेन्झ हा ऑनलाइन माहितीसंग्रह वापरताना सेकंदाला एकापेक्षा अधिक विनंत्या पाठवू नयेत आणि एकदा आलेली माहिती स्वतःच्या एसक्यूलाइट फाइलमध्ये (एकाच फाइलीत मावणाऱ्या डेटाबेसमध्ये) जपून ठेवावी, हेही आपलेच सांगणे. मुखपृष्ठांच्या चित्रांनी फाइल उगाच फुगवू नये, हे एवढे एक मत मात्र मी मानले नाही. आपले कपाट डोळ्यांना दिसावे ही हौस काही आवरली नाही. तेवढी सूट द्यावी.

आपण या कामाचा मोबदला घेतला नाहीत, शिवाय माझे अर्धवट आराखडे बारकाईने वाचून त्यांवर समासात टिपणे लिहून पाठवलीत. नावाचा उल्लेख नको ही आपली सूचना येथेही पाळली आहे.

मासिकांच्या जोडअंकाची नोंद एक आवृत्ती म्हणून करावी की दोन, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. आपल्याला सवड असेल तेव्हा आराखडा पाठवतो.

आपला कृतज्ञ,
एक संग्राहक