आरएक्सच्या चेसिसला पावडर कोटिंग

पुणे

प्रिय नितीन,

सप्रेम नमस्कार.

यामाहा आरएक्स १०० पूर्ण उघडून पावडर कोटिंग, म्हणजे कोरडी रंगाची पावडर मारून भट्टीत भाजायचा रंग, करतोयस हे वाचून फार बरं वाटलं. रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत साधा स्प्रेपेंट किती टिकतो हे तू जाणतोसच. पण तुझा सगळा प्रश्न काळा मॅट की ग्लॉस एवढाच आहे. शेड कधीही ठरव. कोट टिकणार की पापुद्रे सुटणार, हे भाग भट्टीत जाण्याआधीच ठरलेलं असतं.

चेसिस, स्विंगआर्म, दोन्ही स्टँड, ब्रेक पेडल, चेनकव्हर एवढं दे. टाकी देऊ नकोस. जुन्या टाकीला कुठे ना कुठे लांबी (पुट्टी) भरलेली असते, ती २०० अंशांत फुगते. शिवाय आत पेट्रोलची वाफ राहिली तर भट्टीत स्फोट होऊ शकतो. टाकीला पीयू (पॉलियुरेथेन) पेंटच चांगला. सायलेन्सरही नको, बेंडजवळच्या उष्णतेत साधी पावडर जळते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. स्विंगआर्मचे रबर बुश आणि स्टिअरिंगच्या बेअरिंगच्या वाट्या स्वतः काढ, कारागिरावर सोडू नकोस. रबर भट्टीत खराब होतं. वाटीच्या बैठकीत पावडर गेली तर वाटी तिरकी बसते आणि हँडल अडकतं. एक थर ६० ते ८० मायक्रॉनचा असतो. भोकात तो दोन्ही बाजूंनी चढतो, म्हणून अ‍ॅक्सल आणि शाफ्टची भोकं बंद हवीत. आट्यांत जुने बोल्ट किंवा सिलिकॉनचे बूच घाल. साधी मास्किंग टेप जळून चिकटते, उष्णता सोसणारी हिरवी पॉलिस्टर टेपच लाव. इंजिनच्या बैठका आणि अर्थिंगची जागा कोरी राहू दे. चेसिस नंबरवर एकच पातळ थर, आकडे बुजले तर आरटीओत अडशील.

ब्लास्टिंगनंतर, म्हणजे वाळूच्या माऱ्याने जुना रंग आणि गंज काढल्यावर, उघड्या हाताने भाग धरू देऊ नकोस, बोटांचं तेल कोटाखाली राहतं. पावसाळ्यात काही तासांत गंजाची लाली येते, तेव्हा फॉस्फेटिंग (गंज रोखणारी आणि कोट धरून ठेवणारी रासायनिक प्रक्रिया) आणि कोटिंग त्याच दिवशी व्हायला हवं. चेसिसच्या नळ्यांतली वाळू हवेने झटकून घे. क्लच कव्हर, मॅग्नेट कव्हर द्यायची असतील तर ऑइल सील काढ आणि रंग काढायच्या कॉस्टिक सोड्याच्या टाकीत बुडवू देऊ नकोस. कॉस्टिक अ‍ॅल्युमिनियम खातं. ओतीव अ‍ॅल्युमिनियमच्या छिद्रांत वर्षानुवर्षांचं तेल मुरलेलं असतं. पावडर मारण्याआधी कव्हर नुसतंच तापवून घ्यावं लागतं, नाहीतर तेल नंतर बाहेर येतं आणि टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात.

पावडर शुद्ध पॉलिस्टर माग. इपॉक्सी स्वस्त पडते, पण उन्हात तिची चमक उडून खडूसारखी भुकटी सुटते. समुद्राजवळ खाली झिंक प्रायमर हवाच. प्रायमर पूर्ण भाजू नये. अर्धवट भाजून वरचा थर द्यायचा, तरच दोन्ही एकमेकांना धरतात. मग साधारण २०० अंशांवर १० मिनिटं, पण भट्टी नव्हे, धातू तितका तापल्यापासून. गडबडीत नेमकं इथेच चुकतं: पातळ पत्रा लगेच तापतो, जाड स्टँड मागे राहतो.

घ्यायला जाशील तेव्हा थिनरचा बोळा आतल्या बाजूला घास. कोट मऊ पडला किंवा बोळ्याला भरपूर रंग लागला तर भाजणी अपुरी आहे. वेल्डिंगचे आतले कोपरेही टॉर्च लावून बघ. गनच्या विजेमुळे पावडर कडांवरच ओढली जाते, कोपऱ्यात पोचत नाही, आणि कोकणात गंज तिथूनच धरतो. व्होल्टेज कमी करून कोपरे आधी मारायला सांग.

जोडताना एक लक्षात ठेव. जिथे नटखाली कोट राहिला असेल तिथे तो दाबला जाऊन नट सैल होतो. पहिल्या १०० किलोमीटरनंतर इंजिन माउंटिंग आणि स्विंगआर्मचे नट पुन्हा आवळ.

तुझा,
सुहास