क्रँक बसवण्याआधीचा दीड तास

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात गेली सव्वीस वर्षं मी क्रँक ग्राइंडिंगचं मशीन चालवतो. क्रँक म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणारा इंजिनातला मुख्य दांडा. त्याचे गोल भाग, म्हणजे जर्नल, झिजले की दगडावर घासून पुन्हा मापात आणायचे, हे माझं काम. वडिलांच्या काळात उसाला पाणी पाजणाऱ्या ऑइल इंजिनांच्या क्रँका यायच्या, आता बहुतेक काम लहान गाड्यांचं. मारुती 800 चं उत्पादन 2014 च्या जानेवारीत थांबलं, पण खेडोपाडी ती अजून धावते. पंधरा वर्षं झाली की लोक पुन्हा पासिंग करून घेतात आणि इंजिन काम काढून पुढं चालवतात. अशाच एका गाडीपायी हे पत्र लिहितो आहे.

मागच्या पावसाळ्यात एका निवृत्त मास्तरांच्या 800 ची क्रँक गॅरेजमधून माझ्याकडे आली. ब्लॉकमध्ये टेकणारे चार जर्नल म्हणजे मेन, पिस्टनचे रॉड धरणारे तीन म्हणजे बिग एंड, सगळे पहिल्या साइजला, म्हणजे पाव मिलिमीटर कमी करून दिले. माप बरोबर, पॉलिश चांगलं, जर्नलच्या कोपऱ्याची गोलाई शाबूत. तेल लावून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून पाठवली. सोळाव्या दिवशी तीच क्रँक परत आली. मधला बिग एंड निळा पडलेला आणि शेलचे, म्हणजे जर्नलभोवतीच्या पातळ बेअरिंगचे, दोन्ही अर्धे जागेवरून फिरून एकावर एक चढलेले. मास्तर स्वतः बरोबर होते. म्हणाले, "गारगोटीहून येताना ठकठक सुरू झाली. गाडी बाजूला घेईपर्यंत इंजिन धरलं."

मी त्या बिग एंडच्या ऑइल होलात बारीक तार घातली. राखाडी चिखल निघाला. दोन बोटांत चोळला तर खरखर लागली. ग्राइंडिंगच्या दगडाची भुकटी होती ती, माझ्याच मशीनची.

तेल ब्लॉकमधून आधी मेनला येतं आणि तिथून क्रँकच्या पोटातल्या तिरप्या होलातून बिग एंडला जातं. ग्राइंडिंग करताना भुकटी नेमकी त्या होलात जाऊन बसते. गॅरेजवाला धुऊनच बसवेल असं मी धरून चाललो, ग्राइंडिंगवाल्यानं साफ करूनच दिली असणार असं तो धरून चालला. निम्मा दोष माझा, म्हणून दुसऱ्या साइजचं ग्राइंडिंग मी फुकट केलं. पण शेल, एक रॉड, गॅस्केट, ऑइल आणि पुन्हा सगळी मजुरी मास्तरांच्याच पेन्शनमधून गेली, याचं मला आजही वाईट वाटतं.

दुसऱ्या वेळी क्रँक बसवताना मी मिस्त्रींशेजारी उभा राहिलो. प्रत्येक होलातून ब्रश फिरवला, रॉकेलनं धुतलं, हवा मारली, आणि पांढऱ्या फडक्यावर डाग पडेना तेव्हा थांबलो. ब्लॉकच्या ऑइल लाइनही तशाच साफ केल्या. शेलची पाठ आणि त्याची बैठक कोरडी पुसली. तेल लावायचं ते फक्त आतल्या अंगाला. पाठीमागं तेलाचा थर किंवा केसाएवढा कचरा राहिला तरी शेल नीट टेकत नाही. खाच आणि होल असलेला अर्धा ब्लॉकमध्ये बसला पाहिजे. तो उलटा कॅपमध्ये, म्हणजे बोल्टनं आवळायच्या झाकणात, गेला तर तेलाची वाटच बंद होते, आणि हा घोळ मी एकदा नाही, अनेकदा पाहिलाय.

मग मोजणी. कोरड्या जर्नलवर प्लास्टिगेजचा मेणासारखा धागा आडवा ठेवला, कॅप टॉर्क रेंचनं, म्हणजे ठरलेल्या जोरानं आवळायच्या पान्यानं, आवळली आणि क्रँक जराही न फिरवता परत खोलली. चपटा झालेला धागा पाकिटावरच्या पट्टीशी लावून पाहिला. धागा जितका रुंद, तितकी फट कमी. चारही मेनची फट कंपनीनं दिलेल्या मापात आल्यावरच तेल लावून कॅप कायमच्या बसवल्या, नंबराप्रमाणे, बाण पुलीकडे. मधल्या दोन आधी, मग कडेच्या, आणि तेही टप्प्याटप्प्यानं. प्रत्येक कॅपनंतर क्रँक हातानं फिरवली. कुठली कॅप आवळल्यावर ती जड झाली, हे तेव्हाच कळतं. सगळ्या आवळून झाल्यावर एकदम फिरवली तर कुठं अडलं हे शोधत बसावं लागतं. शेवटी क्रँक पुढंमागं ढकलून थ्रस्टचा खेळ पाहिला. या सगळ्याला दीड तास लागला.

हा दीड तास आपल्याकडे कोणी द्यायला तयार नाही. "माझ्या हाताला अंदाज आहे" असं म्हणणारे मिस्त्री कामाला वाईट नसतात. पण बोल्ट जादा आवळला की ताणतो आणि कॅपचा गोल बिघडतो, हे हाताला कळत नाही. गिऱ्हाईकही "संध्याकाळी गाडी पाहिजे" म्हणून उरावर बसतं. गॅरेजमध्ये शिकणाऱ्या पोरांच्या हातात पहिल्या वर्षी टॉर्क रेंच पडतच नाही, आणि मला हीच सर्वांत मोठी चूक वाटते.

त्या दिवसापासून प्रत्येक क्रँक होल साफ करूनच बाहेर जाते, आणि तिच्याबरोबर सगळ्या जर्नलचं माप लिहिलेली चिठ्ठी जाते. खाली ठळक अक्षरांत लिहितो : "बसवण्याआधी पुन्हा धुवा." इतर ग्राइंडिंगवाल्यांनीही अशी चिठ्ठी द्यावी आणि गाडीमालकांनी ती मागून घ्यावी, एवढ्यासाठी आपल्या पानावर जागा मागतो आहे.

आपला नम्र,
एक क्रँक ग्राइंडर,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर