चिखलाचा मांडा फाटू द्या

मा. संपादक,

महोदय,

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की आपल्या खान्देशात चुलीवर खापर चढते. घरातली जाणती बाई पुरणाचा मांडा दोन्ही हातांवर झेलत मोठा करते आणि शेजारीच तिची अडीच-तीन वर्षांची नात फुटक्या मडक्याचे बूड पालथे घालून चिखलाचा मांडा करायला बसते. तो फाटतो, पोर रडवेली होते आणि बहुतेक घरांत कोणीतरी तिच्या हातातला चिखल काढून तिथे मोबाइल ठेवते. चोपडा तालुक्यातील अंगणवाडीत बावीस वर्षे काम केल्यानंतर मला असे ठामपणे वाटते की, मुलाला चिकाटी शिकवण्याची नेमकी वेळ आपण तिथेच घालवतो.

साधारण दीड वर्षापासून मूल खोटे खोटे खेळू लागते. रिकाम्या वाटीतून दूध पिते, बाहुलीला निजवते. या खेळातला मांडा दहा वेळा फाटला तरी कोणी उपाशी राहत नाही, म्हणून मूल अकराव्यांदा करायला तयार असते. अमेरिकेत चार व सहा वर्षांच्या 180 मुलांना दहा मिनिटांचे एक कंटाळवाणे काम देऊन पाहण्यात आले. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, आपण बॅटमॅनसारखे कोणीतरी आहोत असे मानून वावरणारी मुले कामाला सर्वांत जास्त वेळ चिकटून राहिली. त्याहून लहान, सुमारे पंधरा महिन्यांच्या बाळांवरील एक अभ्यासही त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. मोठ्या माणसाला धडपडून डब्यातले खेळणे बाहेर काढताना पाहिलेल्या बाळांनी, नंतर हाती आलेल्या खेळण्याचे न चालणारे बटण अधिक वेळा दाबून पाहिले. मला हा दुसरा अभ्यास अधिक मोलाचा वाटतो, कारण मोठ्यांनी कसे वागावे हे त्यातून कळते.

अंगणवाडीत मी स्वतः मांडे करणारी बाई होऊन बसत असे. माझा चिखलाचा मांडा मुद्दाम फाडायचा, "अरे, फाटला! पीठ सैल झाले वाटते, जरा माती घालू," असे मोठ्याने म्हणायचे आणि पुन्हा करायचा, एवढेच मी करी. आठवडाभर नुसती बघत बसलेली एक मुलगी एके दिवशी "फाटना!" (फाटला!) असे अहिराणीत ओरडली आणि न रडता स्वतःच माती आणायला उठली. तो दिवस मी अजून विसरलेले नाही. मात्र मुलाचा मांडा आपण नीट करून देऊ नये. आपले हात आवरणे हेच यातले सर्वांत अवघड काम आहे.

आता तीन वर्षांच्या मुलाच्या हाती पाटी देऊन शंभरपर्यंत अंक गिरवून घेणाऱ्या शाळा गावोगावी निघाल्या आहेत. माझ्या नातवाच्या अशाच एका शाळेत भातुकलीची भांडी कपाटात कुलूपबंद होती. विचारले तेव्हा "पालकांना वही भरलेली लागते" असे उत्तर मिळाले. वास्तविक 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही या वयासाठी खेळातून शिक्षणावरच भर आहे.

म्हणून पालकांना माझी विनंती आहे की, पुढच्या पालकसभेत वहीची पाने मोजण्यापूर्वी भातुकलीचे कपाट उघडायला सांगावे आणि घरी रोज पंधरा मिनिटे मुलाच्या खोट्या चुलीपाशी बसून आपलाही एखादा मांडा फाटू द्यावा.

आपली,
एक निवृत्त अंगणवाडी सेविका,
ता. चोपडा, जि. जळगाव